तरुण कुत्र्याच्या अंगावरील गाठ : आधी ओळख पटवावी, मग वाट पाहावी

कुत्रा वर्ष-दोन वर्षांचा असतो, खाणेपिणे व्यवस्थित असते, चेंडू दिसला की जीव तोडून धावत असतो, आणि एके दिवशी अंगावरून हात फिरवताना कानाच्या पाळीवर किंवा पुढच्या पायावर बोटांना गाठ लागते. अशा वेळी घरात बहुधा दोन तट पडतात. एकाचे म्हणणे असते की कुत्रा धडधाकट आहे, गाठ आपोआप जिरेल. दुसऱ्याच्या मनात थेट कर्करोग येतो आणि त्याची झोप उडते. वस्तुस्थिती अशी आहे की तरुण कुत्र्यांच्या कातडीवरील बहुतेक गाठी सौम्य असतात, म्हणजे त्या शरीरात इतरत्र पसरत नाहीत आणि जिवावर बेतत नाहीत. परंतु समोरची ही गाठ त्या बहुतेकांपैकीच आहे, हे नुसत्या डोळ्यांना किंवा बोटांना, अगदी अनुभवी पशुवैद्यकाच्या बोटांनाही, खात्रीने सांगता येत नाही. म्हणून आधी गाठीची ओळख पटवावी आणि मग वाट पाहावी, हा क्रम महत्त्वाचा आहे. ओळख पटल्यानंतर वाट पाहणे हा पुष्कळदा सर्वांत उत्तम उपचार ठरतो. ओळख न पटवता पाहिलेली वाट म्हणजे केवळ वेळ घालवणे होय.

सुरुवात ज्या गोष्टी गाठ नसतातच त्यांच्यापासून करणे बरे. कुत्र्याच्या पोटावर स्तनाग्रांच्या दोन रांगा असतात, त्यांची एकूण संख्या साधारणपणे आठ ते दहा असते, आणि नर कुत्र्यालाही ती असतात. नराच्या पोटावरचे काळपट स्तनाग्र गोचीड समजून चिमट्याने ओढले जाण्याचे प्रकार खरोखर घडतात आणि त्यात त्या मुक्या जिवाला विनाकारण यातना होतात. याच्या उलटही होते : रक्त पिऊन फुगलेला राखाडी गोचीड मऊ गाठीसारखा लागतो. केस बाजूला करून चांगल्या उजेडात पाहिले तर कातडीलगत गोचिडाचे बारीक पाय दिसतात, आणि तेवढ्याने प्रश्न सुटतो. गोचीड काढल्यावर त्या जागी एखादी टणक बारीक पुळी काही दिवस, कधी काही आठवडे, राहू शकते. तिसरी गोष्ट लसिका ग्रंथींची, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या बारीक गोळ्यांची. जबड्याखाली, खांद्यासमोर आणि मागच्या पायाच्या गुडघ्यामागे दोन्ही बाजूंना त्या असतातच. सडपातळ कुत्र्यात जबड्याखालच्या ग्रंथी सहज हाताला लागतात आणि त्यात वावगे काही नाही. मात्र अनेक ठिकाणच्या ग्रंथी एकाच वेळी मोठ्या लागू लागल्या तर तो कातडीचा प्रश्न राहत नाही, आणि अशा कुत्र्याला विलंब न करता पशुवैद्यकाकडे न्यावे.

खेळत्या कुत्र्याच्या काही गाठी त्याच्या जगण्यातूनच येतात. आपल्याकडे पावसाळा सरला की माळरानावरचे कुसळी गवत वाळते आणि त्याची टोकदार कुसळे सुटू लागतात. कुसळाच्या टोकाजवळचे बारीक केस एकाच दिशेने वळलेले असतात, त्यामुळे ते एकदा केसांत आणि मग कातडीत शिरले की पुढेच सरकते, मागे येत नाही. धावून आलेल्या कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लालसर, दुखरी सूज दिसते, कुत्रा सतत पंजा चाटतो, मग ती फुटून लालसर पाणी किंवा पू येतो, बरी झाल्यासारखी वाटते आणि आठवड्याभराने पुन्हा वर येते. असे वारंवार होत असेल तर आत कुसळ शिल्लक आहे असा संशय घ्यावा. ते निघेपर्यंत कितीही प्रतिजैविके दिली तरी सूज परत येत राहते. बोटांच्या बेचक्यातील सर्वच फोड कुसळाचे नसतात, हेही लक्षात ठेवले पाहिजे. लॅब्रॅडोर, बुलडॉग यांसारख्या आखूड, राठ केसांच्या जातींत केसच उलटे कातडीत रुततात, आत फुटतात आणि जंतुसंसर्ग होऊन खोल फोड येतात. पावसाळ्यात पंजे सतत ओले राहिले, वजन जास्त असले किंवा ॲलर्जीमुळे कुत्रा पंजे चाटत असला तर हा त्रास वाढतो. म्हणून माळावरून किंवा शेतातून आल्यावर चारही पंजे, बोटांच्या फटी, काख आणि कानाची आतली बाजू बोटांनी चाचपून पाहण्याची सवय प्रत्येक घराने लावून घ्यावी. दोन मिनिटांच्या या कामाने पुढचे दोन महिन्यांचे हाल वाचू शकतात.

कोपरावरची गाठ हा असाच एक प्रकार, आणि आपल्या फरशीच्या घरांत त्याची दखल घ्यायलाच हवी. ग्रेट डेन, मॅस्टिफ, लॅब्रॅडोर अशा भारी अंगाच्या जातींतील तरुण कुत्री कडक फरशीवर धपकन बसतात. कोपराच्या हाडावर मांसाचे आवरण जवळजवळ नसते, त्यामुळे रोजच्या आघाताने तेथे पाण्याने भरलेली, मऊ, न दुखणारी पिशवी तयार होते. तिला हायग्रोमा म्हणतात. ती दिसायला लिंबाएवढीही होते आणि घरचे लोक घाबरतात, तेव्हा ‘सुई लावून पाणी काढून टाका’ असा आग्रह धरला जातो. हा आग्रह धरू नये. मूळ कारण, म्हणजे कडक फरशी, तसेच राहिले तर पाणी पुन्हा भरते, आणि सुईच्या वाटेने जंतू आत गेले तर साध्या पिशवीचे पुवाने भरलेले दुखणे होते. जाड गादी, घडी घातलेली सतरंजी किंवा जुने कांबळे कुत्रा जेथे जेथे बसतो तेथे तेथे अंथरणे हाच येथे पहिला उपचार आहे. सुरुवातीच्या हायग्रोमात तेवढ्यानेच सूज ओसरते.

लस किंवा इंजेक्शन दिलेल्या जागी येणारी टणक गोळीही अनेकांना घाबरवते. ती सहसा दोन-तीन आठवड्यांत विरघळते. तशी न विरघळता वाढू लागली तर दाखवावी, एवढे पुरे.

आता खऱ्या अर्थाने कातडीच्या पेशींतून उगवणाऱ्या गाठींकडे येऊ. तरुण कुत्र्यांत त्यांतील सर्वांत ओळखीची म्हणजे हिस्टिओसायटोमा. तीन वर्षांखालील कुत्र्यांत ती विशेषकरून दिसते, जरी मोठ्या वयातही होऊ शकते. बॉक्सर, डॅशहंड, कॉकर स्पॅनिएल, ग्रेट डेन, लॅब्रॅडोर या जातींत तिचे प्रमाण अधिक आढळते, आणि संमिश्र जातीच्या कुत्र्यांनाही ती होते. डोके, कानाची पाळी आणि पाय ही तिची नेहमीची ठिकाणे. आधी एक लालसर पुळी दिसते, आठवड्या-दोन आठवड्यांत ती वाढून गोल, उंच, गुळगुळीत आणि केस झडलेली होते. कोटाचे बटण शिवल्यासारखी ती कातडीवर बसलेली दिसते. आकार बहुधा दोन-अडीच सेंटीमीटरच्या आत राहतो. ती सहसा दुखत नाही, खाजत नाही, आणि कुत्र्याला तिचे भानही नसते. वाढीचा हा वेग पाहून माणसे घाबरतात, कारण झपाट्याने वाढणारे ते वाईटच, असा आपला समज असतो. या एका गाठीच्या बाबतीत तो समज खोटा ठरतो.

तिच्या मागची यंत्रणा समजली की वाट पाहणे सोपे जाते. कातडीच्या वरच्या थरात लँगरहान्स पेशी नावाच्या पहारेकरी पेशी असतात. जर्मन वैद्यक पॉल लँगरहान्स यांनी विद्यार्थी असतानाच, 1868 मध्ये, त्यांचे वर्णन केले होते. बाहेरून शिरलेला जंतू किंवा परके द्रव्य पकडायचे आणि त्याची ओळख शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला करून द्यायची, हे त्यांचे काम. हिस्टिओसायटोमा म्हणजे याच पेशींची एका जागी झालेली अनियंत्रित दाटी. काही आठवडे ही दाटी वाढत राहते, आणि मग प्रतिकारयंत्रणेला तिची जाणीव होते. रक्तातील टी-लसिकापेशी, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, मोठ्या संख्येने गाठीत शिरतात आणि तेथील पेशींचा नाश करू लागतात. बाहेरून पाहणाऱ्याला या टप्प्यावर गाठ बिघडल्यासारखी वाटते : पृष्ठभाग फुटतो, खपली धरते, कधी थोडे रक्त येते. प्रत्यक्षात अनेकदा ती जिरण्याची सुरुवात असते. बहुतेक हिस्टिओसायटोमा साधारण तीन महिन्यांच्या आत पूर्णपणे नाहीशा होतात आणि त्या जागी पुन्हा केस येतात.

यातूनच एक व्यावहारिक नियम निघतो, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. ही गाठ शरीराची प्रतिकारशक्ती जिरवते, म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे येथे उलट काम करतात. सूज दिसली की प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड देऊन पाहण्याची पद्धत आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी आहे. काही वेळा घरात कोणासाठी तरी आणलेल्या गोळ्याच कुत्र्याला दिल्या जातात. हिस्टिओसायटोमात स्टेरॉइडमुळे जिरण्याची क्रिया लांबू शकते. त्याहून मोठा धोका वेगळा आहे. गाठ प्रत्यक्षात मास्ट पेशींची (हिच्याविषयी पुढे येईल) किंवा लिम्फोमाची, म्हणजे लसिकापेशींच्या कर्करोगाची, असेल तर स्टेरॉइडने ती तात्पुरती लहान होते, सगळ्यांना हायसे वाटते, आणि नंतर केलेल्या तपासणीत खरे चित्र पुसट झालेले असते. गाठीची ओळख पटण्याआधी स्टेरॉइड नको, असे पशुवैद्यकाशी बोलताना नम्रपणे पण स्पष्टपणे म्हणण्यास संकोच करू नये.

तोंडात आणि ओठांवर येणारे मस हा तरुण कुत्र्यांचा दुसरा खास प्रकार. ते कुत्र्यांच्या पॅपिलोमा विषाणूमुळे होतात. एकमेकांचे तोंड चाटणे, एकच चेंडू आळीपाळीने तोंडात धरणे, पाण्याचे भांडे सामायिक असणे, यांतून लागण होते. म्हणून श्वानउद्यानात किंवा बोर्डिंगमध्ये नियमित जाणाऱ्या कुत्र्यांत ते पुष्कळदा दिसतात. लागण झाल्यावर मस उगवायला साधारण एक-दोन महिने लागतात, त्यामुळे नेमके कोणाकडून आले हे शोधत बसण्यात अर्थ नसतो. ते पांढरट किंवा गुलाबी, खडबडीत, अनेक बारीक टोकांचे असतात आणि झुबक्याने येऊ शकतात. हा विषाणू माणसाला किंवा मांजराला लागत नाही, तेव्हा घरातील लहान मुलांना कुत्र्यापासून दूर ठेवण्याचे कारण नाही. येथेही प्रतिकारशक्तीच काम करते आणि काही आठवड्यांपासून काही महिन्यांत मस गळून जातात. तोवर इतर कुत्र्यांशी खेळ बंद ठेवावा, भांडी वेगळी ठेवावीत. मस इतके दाट झाले की खाताना रक्त येते, गिळता येत नाही किंवा तोंडाला दुर्गंधी सुटते, तरच ते काढण्याचा विचार केला जातो.

चरबीची गाठ, म्हणजे लायपोमा, मध्यमवयीन आणि वजनदार कुत्र्यांत अधिक होते. दोन वर्षांच्या सडपातळ कुत्र्याच्या मऊ, सरकत्या गाठीला हात लावताक्षणी ‘चरबीची आहे’ असे म्हणून सोडून देणे म्हणूनच योग्य नाही. कातडीखालच्या केसमुळांच्या पुटी, म्हणजे बंद पिशव्या, याही होतात. त्यांच्या आत राखाडी, चिकट, लोण्यासारखा पदार्थ साठलेला असतो. त्या पिळून रिकाम्या करण्याचा मोह आवरावा, कारण दाबल्यावर पुटी बाहेर फुटण्याऐवजी आतल्या आत फुटली तर तो पदार्थ भोवतालच्या मांसात उतरतो आणि तेथे तीव्र दाह निर्माण होतो.

ज्या गाठीमुळे आधी ओळख पटवण्याचा एवढा आग्रह धरावा लागतो, ती मास्ट पेशींची गाठ. कुत्र्यांच्या कातडीच्या घातक गाठींत ती सर्वांत अधिक आढळते. बहुतेक वेळा ती आठ-नऊ वर्षांच्या आसपासच्या कुत्र्यांत निदान होते, परंतु तरुण कुत्री त्यातून सुटलेली नाहीत. बॉक्सर, पग, लॅब्रॅडोर आणि गोल्डन रिट्रीव्हर या जातींत तिचा धोका जास्त आहे, आणि यांतील शेवटच्या तीन जाती आपल्या शहरांत घरोघरी आहेत. तिला ठरावीक रूप नाही. ती हिस्टिओसायटोमासारखी लाल आणि गोल असू शकते, लायपोमासारखी मऊ असू शकते, डास चावल्यासारखी पुळीही असू शकते. तिच्या पेशींत हिस्टामिन आणि हेपारिन यांसारख्या द्रव्यांचे कण भरलेले असतात. गाठ चोळली, दाबली की हे कण सुटतात आणि काही मिनिटांत भोवताली सूज आणि लाली येते. म्हणून सकाळी मोठी, संध्याकाळी लहान अशी आकार बदलणारी गाठ दिसली तर ती वारंवार दाबून पाहू नये आणि लवकर दाखवावी. त्याबरोबर उलट्या किंवा काळी, डांबरासारखी शी होत असेल तर त्याच दिवशी जावे, कारण अतिरिक्त हिस्टामिनमुळे जठरात व्रण होऊ शकतात. हे वाचून घाबरून जाऊ नये : मास्ट पेशींच्या अनेक गाठी कमी आक्रमक असतात आणि वेळेत, भोवतालच्या निरोगी भागाच्या पुरेशा कडेसह काढल्या तर कुत्रा पूर्ण बरा होतो. वेळेत या शब्दावरच मात्र सारे अवलंबून आहे.

आपल्या भागात आणखी एका गाठीचा विचार करावा लागतो, कारण रस्त्यावर मुक्त फिरणारी कुत्री आपल्याकडे आहेत आणि फिरायला नेलेल्या कुत्र्याचा त्यांच्याशी संबंध येतो. संसर्गजन्य गुप्तांग-अर्बुद, ज्याला पशुवैद्यक टीव्हीटी म्हणतात, ते समागमातून आणि क्वचित चाटण्या-हुंगण्यातूनही पसरते. यात विषाणू नसतो, तर गाठीच्या जिवंत पेशीच एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाऊन रुजतात. रशियन पशुवैद्यक म्स्तिस्लाव नोविन्स्की यांनी 1876 मध्ये अशी गाठ एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखवली होती, आणि आज जनुकीय अभ्यासावरून हे माहीत आहे की जगभरातील अशा सर्व गाठी हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्याच्या पेशींपासून आलेल्या आहेत. ती बहुधा जननेंद्रियावर असते, लाल, ठिसूळ आणि रक्त ठिबकणारी. पण नाकावर, ओठावर किंवा कातडीवरही येते. व्हिन्क्रिस्टिन या औषधाची आठवड्याला एक अशी काही इंजेक्शने दिल्यावर बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. माणसाला तिचा धोका नाही. वस्तीतल्या एखाद्या कुत्र्याला अशी गाठ दिसली तर त्याला हाकलून देण्याऐवजी उपचार मिळवून द्यावा, कारण तो जीव वाचवता येण्यासारखा असतो.

इतक्या वेगवेगळ्या गाठी एकमेकींसारख्या दिसतात, त्यांची ओळख पटते ती सुईने. या तपासणीला पशुवैद्यक एफएनएसी म्हणतात, आणि तिचे नाव ऐकून वाटते तेवढी ती मोठी नसते. भूल बहुधा लागत नाही. घरातील ओळखीचे माणूस कुत्र्याचे डोके छातीशी धरते, पशुवैद्यक अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये गाठ स्थिर धरतात आणि लसीच्या सुईसारखीच बारीक सुई तिच्यात घालून दोन-तीन दिशांना पुढेमागे हलवतात. त्या हालचालीत गाठीच्या काही पेशी सुईच्या पोकळीत शिरतात. मग हवा भरलेली सिरिंज जोडून त्या काचेच्या पट्टीवर फवारल्या जातात, दुसरी पट्टी तिच्यावर अलगद ठेवून सरकवली जाते, आणि पातळ पसरलेला थर वाळल्यावर रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो. चरबीची गाठ असेल तर पट्टीवरचे तेलकट थेंब वाळतच नाहीत, आणि तेथेच बरेच काही कळते. मास्ट पेशी त्यांच्यातल्या जांभळ्या कणांवरून ओळखू येतात. टीव्हीटीच्या गोल पेशींत स्वच्छ पोकळ ठिपके असतात. जिरू लागलेल्या हिस्टिओसायटोमात मूळ पेशींइतक्याच, कधी त्यांच्याहून अधिक, लसिकापेशी दिसतात, म्हणजे सुटकेची खूणच काचेवर उतरलेली असते. गळू असेल तर पुवाच्या पेशी आणि जंतू.

ही तपासणी प्रत्येक वेळी उत्तर देईलच असे नाही. काही गाठी पेशी सहज सोडत नाहीत, कधी नुसते रक्त येते, आणि मग सुई पुन्हा घालावी लागते किंवा गाठीचा तुकडा काढून तपासावा लागतो. तरीही पहिली पायरी हीच असावी. आपल्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शक नसेल तर पट्ट्या प्रयोगशाळेत पाठवता येतात. महाराष्ट्रात परळचे 1886 मध्ये सुरू झालेले मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय, सातारा जिल्ह्यातील शिरवळ, तसेच नागपूर, उदगीर आणि परभणी येथील पशुवैद्यक महाविद्यालये आहेत, आणि गुंतागुंतीच्या गाठीसाठी स्थानिक पशुवैद्यकाची चिठ्ठी घेऊन तेथे जाणे हा अनेक कुटुंबांना परवडणारा मार्ग आहे.

कोणत्या गाठीला सुई लावावी, याबाबत अमेरिकेतील पशु-कर्करोगतज्ज्ञ डॉ. स्यू एटिंजर यांनी मांडलेला नियम लक्षात ठेवायला सोपा आहे : गाठ मटाराच्या दाण्याएवढी, म्हणजे सुमारे एक सेंटीमीटर, असेल आणि महिनाभर टिकली असेल तर तपासून घ्यावी. त्याहून लहान गाठ असेल तर महिनाभर नोंद ठेवता येते; पण झपाट्याने वाढणारी, रंग बदलणारी, काळी पडणारी, रक्त येणारी, दुखरी किंवा खालच्या मांसाला घट्ट चिकटलेली गाठ असेल तर महिना मोजत बसू नये. नोंद म्हणजे आठवण नव्हे. रोज पाहणाऱ्याच्या डोळ्याला वाढ कळत नाही, म्हणून दर आठवड्याला त्याच उजेडात, गाठीशेजारी मिलिमीटरची पट्टी धरून छायाचित्र घ्यावे, तारीख आणि अंगावरची नेमकी जागा लिहून ठेवावी. एकाच कुत्र्याला तीन गाठी असतील तर तिन्हींची नोंद वेगळी, कारण एक निरुपद्रवी निघाली म्हणून शेजारची तशीच असेल असे नाही.

घरगुती उपायांबद्दल कठोरपणे लिहावे लागते, कारण त्यांचा त्रास बोलू न शकणाऱ्याला होतो. चामखिळीला घोड्याचा केस किंवा दोरा आवळून बांधणे, चुना लावणे, माणसांच्या मसावरचे आम्लयुक्त औषध लावणे, गोचिडावर रॉकेल ओतणे, हे काहीही करू नये. कुत्रा लावलेले सर्व काही चाटतो, म्हणजे कातडी भाजते ती भाजते आणि तेच द्रव्य पोटातही जाते. टी ट्री तेल ‘नैसर्गिक’ म्हणून विकले जाते, पण ते कुत्र्यांना विषारी आहे. वेदनेसाठी माणसांची आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा पॅरासिटामॉलची गोळी मनाने कधीही देऊ नये. हळदीचा लेप त्या मानाने कमी अपायकारक, पण त्याने गाठीचा मूळ रंग झाकला जातो आणि तपासणाऱ्याची अडचण होते.

गाठ हिस्टिओसायटोमाच आहे असे कळले आणि पशुवैद्यकांनी थांबायला सांगितले, तरी अवखळ कुत्र्याच्या घरात ते तीन महिने निष्क्रिय नसतात. फुटलेला पृष्ठभाग कुत्रा चाटतो, झुडपात घासतो, दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती करताना ओरबाडून घेतो. पावसाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला उघड्या जखमेवर माश्या बसतात, अंडी घालतात आणि दोन दिवसांत जखमेत अळ्या पडतात. कानाच्या पाळीवरच्या गाठीला हा धोका विशेष असतो. म्हणून जखम दिवसातून दोनदा नीट पाहावी, पशुवैद्यकांनी सांगितलेल्या द्रावणाने स्वच्छ करावी, चाटणे थांबत नसेल तर गळ्यात प्लास्टिकची कॉलर घालावी आणि माशी दूर ठेवणारा फवारा त्यांनाच विचारून वापरावा. फिरणे बंद करण्याची गरज नाही. चिखल, नदी-तलावात पोहणे आणि अंगावर उड्या मारणाऱ्या मित्रांबरोबरचा दंगा तेवढा टाळावा. पट्टा लावून लांब चालणे आणि हुंगत शोधण्याचे खेळ यांनी त्याची ऊर्जा खर्च होते.

काही सौम्य गाठी तरीही काढाव्या लागतात. पापणीच्या कडेवर असून डोळ्याला घासणारी, तीन महिने उलटूनही न जिरलेली, सतत फुटून जंतुसंसर्ग होणारी किंवा सुईने उत्तर न दिलेली गाठ काढण्यात शहाणपण असते. लहान असताना काढणे सोपे जाते, विशेषतः पायाच्या खालच्या भागात, कारण तेथे कातडी ताणून जखम मिटवायला जागाच कमी असते. शस्त्रक्रियेनंतरचे दहा ते चौदा दिवस हे तरुण कुत्र्याच्या बाबतीत खरी परीक्षा असते. दुसऱ्या दिवशी तो अगदी ठणठणीत वाटतो, सोफ्यावरून उडी मारतो आणि टाके उसवतात. म्हणून कॉलर रात्रीही काढू नये, जिना आणि उड्या बंद ठेवाव्यात, फिरणे फक्त पट्ट्याने आणि शी-शूपुरते ठेवावे, टाके ओले होऊ देऊ नयेत.

आणि काढलेली गाठ कचऱ्यात जाऊ देऊ नये, ती कितीही निरुपद्रवी दिसत असली तरी. शस्त्रक्रियेपूर्वीच पशुवैद्यकांना सांगून ठेवावे की गाठ ऊतीपरीक्षेसाठी, म्हणजे प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यासाठी, पाठवायची आहे. ती 10 टक्के फॉर्मलिनच्या द्रावणात, गाठीच्या सुमारे दहा पट द्रव राहील अशा रुंद तोंडाच्या बरणीत ठेवली जाते; बरणीवर कुत्र्याचे नाव, वय, जात, अंगावरची जागा आणि गाठ केव्हापासून होती ते लिहिले जाते, आणि येथे आपण ठेवलेली तारखांची नोंद उपयोगी पडते. अहवाल आला की फक्त सौम्य की घातक एवढेच वाचून कागद मिटू नये. त्यात कडांबद्दल एक ओळ असते : काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत गाठीच्या पेशी पोहोचल्या होत्या की भोवती निरोगी ऊतीचा थर होता. कडा मोकळ्या असतील तर त्या जागेवर महिन्यातून एकदा हात फिरवून पाहणे पुरते. मोकळ्या नसतील तर पुन्हा शस्त्रक्रिया करायची की लक्ष ठेवायचे, हे गाठीच्या प्रकारावरून पशुवैद्यकांशी बोलून ठरवायचे असते, आणि ते त्याच आठवड्यात ठरवावे.